यायले आणि त्यायले

मागच्या उन्हाळ्यात जगदेवरावांच्या छातीत कळ आली आणि त्यांना अकोल्याला नेलं, तेव्हा दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं रुख्मिणीबाईला विचारलं, पेशंटचं नाव काय. झाली पंचाईत. बाईनं पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं. मुलगा हरीओम गाडी लावायला गेलेला, ओळखीचं दुसरं कोणी नाही. मुलगी म्हणाली, लवकर सांगा. तेव्हा बाई हळूच म्हणाली, "हरीओमचे बाबा." मुलीला घाई होती. तिनं त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं आणि जगदेवरावांच्या मनगटावर पट्टी बांधली गेली ती हरीओमच्या नावाची. थोड्या वेळानं नर्स सुई घेऊन आली, हरीओम कोण म्हणून तिनं विचारलं, खाटेशेजारी उभा असलेला पोरगा 'मी' म्हणाला, तर ती त्याचीच बाही वर करायला लागली. जगदेवराव पडल्या पडल्या हसले. हसू नका, बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी हसले.

आता एवढ्यावरून रुख्मिणीबाईला कोणी अडाणी समजू नये. सातवी शिकलेली बाई, पेपर वाचायची, पोराचा जमाखर्च तोंडी सांगायची. पण लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या आईनं डोक्याला तेल लावता लावता सांगितलं होतं, की नवऱ्याचं नाव उघड्या तोंडानं घेतलं की त्याच्या आयुष्यातला एक दिवस उणा होतो. उखाण्यात घेतलेलं चालतं. तिथं ते ओळीत गुंडाळलेलं असतं, वरच्याच्या नजरेस पडत नाही. बाईनं हे इतकं मनावर घेतलं, की 'जग' हा शब्दच तिच्या तोंडातून गेला. जगाला ती दुनिया म्हणायची. पंगतीत पाणी वाढायचा जग असतो ना, त्याला 'ते लांब नाकाचं भांडं'. सासरे किसनराव, म्हणून किसन भगवान तिच्यासाठी 'बासरीवाला देव' झाला. त्यांच्या जऊळक्याच्या बाजूला पुष्कळ बायका असं पाळायच्या, पण आता पाळणाऱ्या कमी झाल्या, आणि इतकं कडक पाळणारी तर हीच एक.

अशा घरात योगिनी सून म्हणून आली. कारंज्याची पोरगी, कॉलेज केलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न्हाणीतून हाक मारली, "ए हरीओम, टॉवेल दे ना." रुख्मिणीबाईच्या हातातली पोळी तव्यावरच करपली. पोरगा मात्र टॉवेल घेऊन धावत गेला आणि त्याचं आयुष्य कमी झाल्याचं काही दिसलं नाही. उलट वजन वाढत चाललं होतं.

सून स्वभावानं चांगली, पण अबोल. काम झालं की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची. कधी हसायची, कधी कपाळाला हात लावायची, एकदा तर डोळे पुसताना दिसली. रुख्मिणीबाईला वाटलं, माहेरची आठवण येत असेल. मग वाटलं, आणखी काही तर नसेल. चार दिवस तिनं पोटात ठेवलं आणि पाचव्या दिवशी सरळ शेजारी जाऊन बसली. विचारलं, काय करून राह्यली व माय तू?

तर तो खेळ होता. राक्षसांचा. रानात, गुहेत, पाण्यात तऱ्हेतऱ्हेचे राक्षस राहतात. ते धरायचे, पाळायचे, त्यांना नावं ठेवायची आणि दुसऱ्यांच्या राक्षसांशी लढवायचे. वाटेत गढ्या लागतात, प्रत्येक गढीचा एक धनी. त्याला हरवलं की पुढची वाट मोकळी. शेवटी राजाची गढी. आपला एखादा राक्षस लढाईत पडला तर त्याला दवाखान्यात न्यायचं, की तो पुन्हा टुणटुणीत.

पण योगिनीनं स्वतःवर नियम घालून घेतले होते. एका रानात जो राक्षस पहिला दिसेल तोच घ्यायचा, आवडो न आवडो. प्रत्येकाला आपल्या माणसाचं नाव द्यायचं. आणि जो पडला तो गेला. त्याला दवाखान्यात न्यायचं नाही, हात जोडायचे आणि सोडून द्यायचं. आज ती रडली होती ती तिच्या भावाच्या नावाचा बेडूक गेला म्हणून.

रुख्मिणीबाईला नवल वाटलं. खेळवाल्यानं दवाखाना ठेवला असताना ही पोरगी आपल्याच पायात काटे काहून भरून घेते?

योगिनी म्हणाली, "आई, तुमी हरताळकेले पानी बी पेत नाई. घरात माठ भरून राह्यते. कोनं अडवलं तुमाले?"

एवढं म्हटल्यावर रुख्मिणीबाईला सगळा खेळ समजला. व्रत होतं हे. व्रतातलं तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून दुपारी, हरीओम शेताकडं गेला आणि जगदेवराव अंगणात बसले की सासू-सुना ओसरीत बसायला लागल्या. योगिनीच्या हातात मोबाईल, रुख्मिणीबाईच्या मांडीवर सूप. तिला त्या काचेवरची बारीक चित्रं नीट दिसत नसत, म्हणून तिनं आपली लढाई सुपात मांडली. नणंद भागिरथा, जी बोलायला लागली की शेजारचं कुत्रं उठून जायचं, तिच्या नावाचा एक कर्कश पक्षी होता, त्याची लवंग. हरीओम म्हणजे नुसतं तोंड असलेला एक गोळा, समोर येईल ते खाणारा, त्याचा हरभरा. सासरे किसनराव शिंगांचे, त्यांची सुपारी. स्वतः रुख्मिणीबाई एक काजव्याएवढी ठिणगी, चपळ पण एका फुंकरीत विझेल अशी, तिची मोहरी. आणि डोंगराच्या पायथ्याशी एक दगडासारखा राक्षस सापडला, हळू चालणारा, मार खाऊन हू की चू न करणारा. योगिनीनं त्याच्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं नाव टाकलं : जगदेव. सासू तोंडात पदर कोंबून हसली. तुरीची डाळ निवडताना एक करडा खडा निघाला होता, तोच सुपात त्यांच्या जागी बसला.

सूप हातात आलं आणि रुख्मिणीबाईचं डोकं असं चाललं म्हणता. पाण्यातल्या गढीत ठिणगी न्यायची नाही, हे तिनं न सांगता ओळखलं. कोण आधी दमतो, कोणाचा मार कोणाला लागत नाही, कोणाला कोणाच्या मागं उभं करावं, हे सगळं ती दाणे सरकवून ठरवायची. लग्नाच्या पंगतीत कोणत्या पाहुण्याला कोणाशेजारी बसवायचं नाही हे जिला सांभाळता येतं, तिला राक्षस सांभाळणं काय अवघड? योगिनीला फक्त बटणं दाबायची राहिली. एकदा हरीओम पडता पडता वाचला, तेव्हा योगिनीच म्हणाली, फोन बंद करून चालू केला तर मागची चूक पुसता येते. सासूनं तिच्याकडं असं पाहिलं, की पोरीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

घोटाळा झाला तो कोळ्यांच्या गढीत. समोरून विषारी कोळी आला. दगडाला विष लागत नाही, म्हणजे जगदेवच पुढं पाहिजे. रुख्मिणीबाई घाईनं म्हणाली, "त्यायले पुढं कर."

आता सुपात 'त्यायले', म्हणजे 'त्यांना', म्हणावे असे दोघे होते. सासऱ्यांचंही नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचंही नाही. योगिनीला वाटलं, एवढ्या मानानं म्हणतात म्हणजे थोरलेच. तिनं शिंगवाल्या किसनरावांना पुढं केलं. कोळ्यानं एकच चावा घेतला आणि किसनराव गेले.

 रुख्मिणीबाई सुपारीकडं पाहत म्हणाली, "त्यायले म्हंजे त्यायले नाई व. यायले."

"मंग यायले म्हना ना, आई."

"घाईत कुठी कळते बापा, कोन जवळ अन कोन दूर."

सुपारी सुपातून निघाली. किसनराव खरे गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी रुख्मिणीबाईनं भाजीला फोडणी दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोटोपुढं गुळाचा खडा ठेवला. जगदेवरावांनी विचारलं, आज काय हाये? तर म्हणाली, काही नाही, आठवण आली.

यापुढं असं होऊ नये म्हणून योगिनीनं नाना तोडगे काढले. दगडाला 'खडा' म्हणा. सासू म्हणाली, कुंकवाच्या धन्याले खडा म्हनू? मग 'बाबा' म्हणा. ते माहे बाबा नाहीत. शेवटी ठरलं की पुरुषांच्या बाबतीत बोलायचंच नाही. बाई सुपात दाणा पुढं सरकवेल, योगिनी पाहील आणि तसं करेल. खडा दाखवणं वेगळं आणि खडा म्हणणं वेगळं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण आतून रुख्मिणीबाईचं मन हसत नव्हतं. सासरे तर जाऊन बसलेले, त्यांना काय होणार? पण जगदेवराव समोर होते, चार पावलं चालले की छातीवर हात ठेवून उभे राहत होते. त्यांच्या नावाचं काही आपल्या हातून पडू नये. ती हे कोणाला बोलली नाही. बोलली असती तर योगिनी म्हणाली असती, आई, खेळ हाये. ते तिलाही ठाऊक होतं. पण मांजर आडवं गेलं की शिकलेली माणसंसुद्धा क्षणभर थांबतात, तसं तिचं झालं होतं. बाकी कोणी पडो, हा दगड राजाच्या गढीतून उभा बाहेर आला पाहिजे.

राजाच्या गढीची तयारी त्यांनी तुरी फुलावर आल्यापासून शेंगा भरेपर्यंत केली. राजाचा राक्षस म्हणजे आगीचा अजगर. योगिनीनं त्याची सगळी माहिती काढली. तो दोनदा साधा फटका मारायचा आणि तिसऱ्यांदा छाती फुगवून दम धरायचा; त्यानंतर जो लोळ सोडायचा त्यात दगडसुद्धा वितळेल. रुख्मिणीबाईनं बेत असा केला : खडा पुढं ठेवायचा, साधे फटके त्याला खाऊ द्यायचे. अजगरानं दम धरला की खडा मागं, लवंग पुढं. पक्षी उंच उडतो, लोळ खालून जातो. लोळ गेला की पुन्हा खडा. असं करत अजगराला झिजवायचं. मोहरीला बाहेर काढायचंच नाही.

योगिनी म्हणाली, त्या गढीत एक वाईट आहे. तिथं विचार करायला वेळ नसतो. काचेवर एक वात जळत येते; ती विझायच्या आत सांगितलं नाही, तर पुढं जो असेल तो तिथंच उभा राहतो.

तो दिवस उजाडला. म्हणजे दुपारच होती. जगदेवराव अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत बसले होते. डॉक्टरांनी शेत बंद केलं तेव्हापासून त्यांनी गल्लीला पुरतील एवढे खराटे बांधले होते. आत ओसरीत लढाई सुरू झाली. खडा पुढं, फटके झेलतोय. दम, लवंग, लोळ, पुन्हा खडा. बेत दोनदा तंतोतंत जमला. मग अजगरानं काही वेगळंच केलं. लोळ झाल्यावर शेपटी आपटली आणि खाली उतरत असलेला भागिरथेचा पक्षी गेला. त्याच्या मागून हरीओम पुढं आला, त्यानं अजगराचा एक चांगला लचका तोडला आणि तोही गेला. सुपात उरले खडा आणि मोहरी.

पुढची वात पेटायला जरा अवकाश होता. रुख्मिणीबाई माठाकडं उठली, पेलाभर पाणी प्यायली. तेवढ्यात जगदेवराव सुतळीसाठी आत आले. त्यांची नजर सुपाकडं गेली. उभा जन्म शेतात काढलेल्या माणसानं सुपात खडा दिसला तर काय करायचं? त्यांनी चिमटीत धरला आणि दारातून बाहेर भिरकावला. "डाळीत खडा राह्यला होता व," असं सांगून, सुतळी घेऊन, ते परत अंगणात गेले.

रुख्मिणीबाई येऊन बसली तेव्हा सुपात एकटी मोहरी होती.

"खडा कुठी गेला?"

"बाबांनी फेकला," योगिनी म्हणाली. मग दोघींना एकदमच कळलं, की काय झालं. त्यांनीच त्यांना फेकलं होतं, आपल्या हातानं. योगिनीला हसू येत होतं, पण सासूचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

पडद्यावर जगदेव पुढं उभा होता, अर्धा झिजलेला. अजगरानं छाती फुगवली. वात जळायला लागली. योगिनी म्हणाली, "आई, आता कसं? बाबा राह्यले पुढं तर जातीन, पन त्याच्या आधी एक दगड मारतीन. मंग तुमी आल्या की एका चटक्यात अजगर खलास. आपन जितलोच समजा. अन त्यायले मागं घेतलं तर लोळ तुमच्यावर येते. तुमी चपळ हाये, आधी चटका बसला तर बसला. नाईतर सगळंच गेलं."

म्हणजे एकीकडं खात्रीची जीत, नवरा देऊन. दुसरीकडं मोहरीएवढा भरवसा.

रुख्मिणीबाईचा हात सवयीनं सुपात गेला, खडा मागं ओढायला. बोटांना तिथं काही लागलं नाही. वात निम्म्यावर आली. योगिनी सुपाकडं पाहत होती, सूप काही सांगत नव्हतं. आणि बाईच्या तोंडातून, रस्त्यात गाडीपुढं चाललेल्या पोराला आई हाक मारते तशी हाक आली,

"जगदेव, मागं ये. मी जातो पुढं."

ना उखाणा, ना ओळ. उघडं नाव, तेही एकेरी.

योगिनीच्या अंगठ्यानं आपोआप तसं केलं. आणि अंगणातून आवाज आला, "ओ."

जगदेवरावांना कोणत्या बाजूनं हाक आली हेच आधी कळलं नाही. त्यांना असं 'जगदेव, ये' म्हणणारी त्यांची आई होती, आणि तिच्यानंतर कोणी उरलं नव्हतं. ते हातातल्या तुराट्या टाकून, चप्पल न घालता, दारात येऊन उभे राहिले. हाकेचा दुसरा तुकडाही त्यांनी ऐकला होता, आणि त्या वयाच्या सवाष्ण बाईनं 'मी जातो पुढं' म्हटलं तर नवऱ्याच्या मनात जे येतं तेच त्यांच्या मनात आलं. धाप लागली होती.

"कुठी चाल्ली तू?" ते म्हणाले.

"थांबा हो जरा," ती मान वर न करता म्हणाली.

ठिणगी उडाली. अजगराचा लोळ घशाशी आलेला, पण काजवा तो, त्याच्या आधी पोचला. एक चटका बसला. अजगर थोडा डोलला, जसा गाडीवर भरलेला कडबा डोलतो, आणि आडवा झाला. काचेवर फुलं पडायला लागली. योगिनीनं मोबाईल मांडीवर ठेवला आणि सासूच्या गळ्यात हात टाकले. नवी सून असं करते का, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग जगदेवराव खाली बसले आणि त्यांना सगळी हकिकत सांगावी लागली. आपण डोंगराच्या पायथ्याशी कसे सापडलो, कोळ्यांच्या गढीत आपले वडील कसे गेले, गुळाचा खडा कशाचा होता. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन दगडाला निरखून पाहिलं.

"हा मी?"

"हाव, बाबा."

"याले मान काहून नाई?"

योगिनी म्हणाली, मान नाही म्हणूनच टिकला. ते त्यांना पटलं. मग त्यांनी मोबाईल परत दिला आणि बायकोकडं पाहिलं. ती सुपातली मोहरी बोटानं उगीच फिरवत होती. जीत झाली होती, दगड उभा होता, पण तिच्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला होता, आणि संसार एवढा झाल्यावर नवऱ्याला तो न सांगता कळतो.

"एक दिवस गेला म्हनते माहा," ते म्हणाले.

तिनं मोहरी बोटाखाली दाबून धरली. डोळे भरून आले होते.

"मंग आजचाच धर ना तो. उद्याचा कायले कापतं? आज तर झालाच असा बी, अन चांगला झाला."

ती तरी खाली मान घालूनच बसली. ते उठले, दारापर्यंत गेले, अंगणात पडलेल्या तुराट्यांकडं पाहिलं आणि परत वळले. खराटा अर्धा राहिला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि पुन्हा येऊन तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले.

"आता राजा मेला," ते सुनेला म्हणाले, "तर पुढं काय राह्यते या खेळात?"